अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या वेटलिस्टवर अडकलोय, काही करता येतं का?

तुम्ही लिहिलंय की पदवी पुण्याची आहे, जेडीसाठी (तिथली कायद्याची मुख्य पदवी) अर्ज केले, एका ठिकाणी प्रवेश मिळालाय, पण जिथे खरं जायचंय तिथे वेटलिस्ट. आता नुसती वाट बघायची का, असा प्रश्न आहे. वाट तर बघावी लागेलच, पण हातावर हात ठेवून नको. मी शिकत असताना आमच्या कॉलेजच्या प्रवेश कार्यालयात विद्यार्थी मदतनीस म्हणून काम करायचे, त्यामुळे ही बाजू थोडी आतून पाहिली आहे.

रेल्वेच्या वेटिंगसारखा इथे बहुतेक ठिकाणी नंबर नसतो. एप्रिल-मेमध्ये जागा राखायच्या डिपॉझिटची मुदत संपली की कॉलेज हिशोब मांडतं: किती जागा भरल्या, एलसॅटचा (लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा) मीडियन, म्हणजे तुकडीतला बरोबर मधला स्कोअर, कुठे आला, काय कमी पडतंय. जे कमी पडतंय ते यादीतून उचलतं. वरच्या कॉलेजने कुणाला उचललं की त्याची आधीची जागा मोकळी होते, तिथे आणखी कुणी जातं, आणि ही साखळी ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होईपर्यंत हलत राहते. त्यामुळे "मी चांगला आहे" हे पटवण्यात फार शक्ती घालवू नका. ते पटलं नसतं तर सरळ नकार आला असता.

आता तुमच्या बाबतीतली खरी गोम. परदेशी पदवीच्या गुणांचं एलसॅक (एलसॅट घेणारी आणि अर्ज कॉलेजांकडे पाठवणारी संस्था) जीपीएमध्ये, म्हणजे अमेरिकी पद्धतीच्या गुणसरासरीत, रूपांतर करत नाही, फक्त ढोबळ दर्जा देतं. म्हणजे पुण्याचे तुमचे गुण फाइलमध्ये वाचले जातात, पण कॉलेजच्या जीपीए मीडियनमध्ये ते धरले जात नाहीत. आकड्यांच्या खेळात तुमच्याकडे एकच पत्ता आहे, एलसॅट. कॉलेजच्या संकेतस्थळावर '509' नावाचा अहवाल असतो, त्यात मागच्या तुकडीच्या एलसॅटचा 25वा, 50वा (हाच मीडियन) आणि 75वा पर्सेंटाइल दिलेला असतो. तुमचा स्कोअर मधल्या आकड्याच्या एक-दोन गुण खाली असेल तर परीक्षा पुन्हा द्या. मीडियन 168 असेल तर 167 आणि 168 यांत जमीन-अस्मानाचा फरक, पण 168 आणि 171 यांत मीडियनपुरता काहीच नाही. कॉलेज तुमचा सर्वोच्च स्कोअर कळवतं, त्यामुळे एखादी परीक्षा बिघडली तरी त्यांचा आकडा बिघडत नाही. फक्त जूनच्या परीक्षेची नोंदणी एप्रिलमध्येच बंद होते, तेव्हा वेटलिस्टचं पत्र आलं की त्याच आठवड्यात ठरवा.

स्कोअर आधीच मीडियनच्या वर असेल तर त्यांना बहुधा शंका आहे की तुम्ही येणारच नाही. अशा वेळी पत्राला वजन येतं. त्याला तिकडे 'लोकी' म्हणतात, लेटर ऑफ कंटिन्यूड इंटरेस्ट. एक पान, त्याहून जास्त नाही. "जागा दिलीत तर मी नक्की येईन" हे वाक्य पहिल्या परिच्छेदातच हवं, पण ते एकाच कॉलेजला लिहा आणि खरं असेल तरच लिहा. त्यानंतर अर्जानंतर घडलेलं काहीतरी नवं: बढती, प्रसिद्ध झालेला लेख, नवा स्कोअर. मग त्या कॉलेजचं नेमकं कारण. "आपली थोर परंपरा आणि नामवंत प्राध्यापक" अशी पत्रं आमच्याकडे ढिगाने यायची, एकदा तर खाली दुसऱ्याच कॉलेजचं नाव राहिलं होतं. त्याउलट, "मी चार वर्षं चिप डिझाइनमध्ये आहे, तुमच्या पेटंट क्लिनिकमध्ये मला हे काम करायचंय" असं कुणी लिहिलं की वाचणारा थांबतो (क्लिनिक म्हणजे विद्यार्थी खऱ्या अशिलांचं काम करतात तो विभाग). इंजिनिअर असाल तर हा मुद्दा सोडू नका, पेटंटच्या कामात तांत्रिक पदवीला खरी किंमत आहे.

त्या कॉलेजच्या सूचना मात्र आधी वाचा. काही जण स्पष्ट सांगतात की जादा कागद पाठवू नका. तिथे पाठवलंत तर सूचना न वाचणारा उमेदवार म्हणूनच लक्षात राहाल. परवानगी असेल तर महिन्या-दीड महिन्याने एक छोटा ईमेल पुरे. "ओळखीचे कुणी सिनेटर आहेत का" वगैरे काकांच्या सूचना प्रेमाने ऐकून सोडून द्या.

पैशांचं घरी आत्ताच बोला. नावाजलेल्या खासगी कॉलेजांची नुसती ट्यूशन वर्षाला 70,000 डॉलरच्या वर आहे, आणि वेटलिस्टवरून आत घेतलेल्याला शिष्यवृत्ती सहसा कमीच मिळते, कधी मिळतही नाही. हातातल्या कॉलेजने चांगली शिष्यवृत्ती दिली असेल तर मी तरी ती सहजासहजी सोडणार नाही. तिथलं डिपॉझिट वेळेत भराच. वरून बोलावणं आलं तर ते बुडेल, पण पाय ठेवायला जागा तरी राहील.

व्हिसाचं दुखणं वेगळं. जुलैअखेर जागा मिळाली तर नवा आय-20 (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) आणि मुंबईतली मुलाखत, दोन्ही घाईत येतं. डिपॉझिट भरलेल्या कॉलेजचा आय-20 घेऊन प्रक्रिया सुरू करा आणि कॉलेज बदललं तर काय करायचं, हे दोन्हीकडच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयांना आधीच विचारून ठेवा.

बोलावणं अनेकदा फोनवर येतं. "आज जागा दिली तर याल का?" असं विचारतात आणि उत्तराला कधी दोन-तीन दिवसच मिळतात. न्यूयॉर्कमध्ये दुपारचे दोन म्हणजे उन्हाळ्यात तुमच्याकडे रात्रीचे साडेअकरा. मे ते ऑगस्ट फोन सायलेंटवर टाकून झोपू नका, अनोळखी परदेशी नंबर स्पॅम समजून कापू नका, आणि ईमेलचं स्पॅम फोल्डर रोज उघडा.