वई वर वाढली, खाली उघडी पडली

प्रश्न : काजूच्या बागेभोवती आजोबांच्या वेळची करवंदीची वई (जिवंत कुंपण) आहे. दहा-बारा फूट वाढली, पण बुडाशी उघडी पडल्याने गुरं आत शिरतात. जेसीबीने उपटून तारेचं कुंपण घालावं का? (रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : जेसीबी बोलावू नका. बुंधे जिवंत असतील तर हीच वई पुन्हा दाट होते. वर वाढ झाली की खाली ऊन पोचत नाही आणि बुडाच्या फांद्या मरतात. नुसते शेंडे छाटले तर फुटवे वरच येतात, म्हणून कापणी बुडाशीच करायची.

करवंदं संपली की पावसाच्या तोंडावर कामाला लागा. यंदा निम्मीच वई घ्या, उरलेली पुढच्या वर्षी. जाड खोडं जमिनीपासून फूटभर ठेवून तिरकी कापा, म्हणजे कापावर पाणी साचत नाही. कोयत्याचा घाव खालून वर मारा. वरून मारलात तर बुंधा चिरफाळतो आणि कुजतो.

अंगठ्याएवढ्या जाडीच्या लवचिक फांद्या तोडू नका. त्या खिंडाराकडे वाकवा, मध्यावर सालीला जखम करून मातीत दाबा, वर दगड ठेवा, शेंडा बाहेर राहू द्या. पावसाळाभरात काही मुळं धरतील, काही नाही धरणार. इंग्लंडात हॉथॉर्न या काटेरी झुडपाच्या जुन्या कुंपणात खोडच बुडाशी बरंचसं कापून तिरकं निजवतात. उरलेल्या सालीवर ते जगतं. करवंदीवर हे करून बघायचं तर दोन-चार खोडांवरच बघा.

मोठ्या खिंडारात करवंदीचं ताजं बी टोका (जुनं उगवत नाही) किंवा गिरिपुष्पाचे (ग्लिरिसिडियाचे) खुंट लावा. तोडलेल्या काटेरी फांद्या जाळू नका. बेळक्याने (दुबेळकी काठीने) उचलून फुटव्यांच्या दोन्ही बाजूंनी रचा, नाहीतर कोवळा फुटवा शेळ्या ठेवणार नाहीत. रानडुकराला मात्र दाट वईही पुरत नाही, हे धरूनच चाला.

वईत खैर, ऐन, किंजळ, जांभूळ वाढले असतील तर त्यांना हात लावण्याआधी वन विभागाकडे विचारा. 1964 च्या झाडे तोडण्याच्या कायद्याखाली त्यांना परवानगी लागते. वई सामाईक बांधावर असेल तर शेजाऱ्याच्याही कानावर घाला.

प्रश्न : शेराचं (पांढरा चीक येणाऱ्या, हिरव्या काड्यांच्या झुडपाचं) कुंपण असंच छाटावं का?

उत्तर : छाटा, पण चष्मा आणि हातमोजे घालून. चीक डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. तोडलेले तुकडे वाटेवर टाकू नका, पडल्या जागी रुजतात. तेच खिंडारात खोचा.