वय ८८, पोटातली महाधमनी फुगलीय, ऑपरेशन करावं का?

प्रश्न: वडील ८८ वर्षांचे, सोनोग्राफीत पोटातली महाधमनी ५.८ सेंमी फुगलेली निघाली, त्रास काहीच नाही. या वयात ऑपरेशन झेपेल का हो?

उत्तर: पुरुषांत साधारण ५.५ सेंमीच्या पुढे फुटायचा धोका वाढतो म्हणून डॉक्टर ऑपरेशनचा विषय काढतात, पण नुसतं वय बघून हो किंवा नाही ठरत नाही, हृदय, फुफ्फुस, किडनी कशी आहे आणि वडील स्वतः हिंडतात-फिरतात का हे जास्त महत्त्वाचं. पोट उघडण्यापेक्षा जांघेतल्या रक्तवाहिनीतून स्टेंट-ग्राफ्ट (फुगलेल्या भागाला आतून आधार देणारी जाळीदार कापडी नळी) बसवणं म्हाताऱ्या शरीराला सोपं जातं, मात्र नंतर स्कॅन कायमचे मागे लागतात. तब्येत फारच नाजूक असेल तर न करणं हाही खरा पर्याय आहे, आणि वडिलांना काय हवंय ते आधी विचारा, बरेचदा तेच राहून जातं! अचानक पोटात-पाठीत जोरात दुखलं, चक्कर आली तर लगेच इमर्जन्सीत न्या.