कोल्हापुरात राहून भात-भाकरी आणि साखर कायमची सोडणं जमेल का? आणि गूळ तरी चालतो का?

तुम्ही लिहिलंय: वय ४२, एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीनेक महिन्यांची सरासरी) ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, गोळी अजून सुरू नाही. जिमच्या ट्रेनरने भात, भाकरी, चपाती, साखर सगळं बंद करून अंडी, मटण, पनीर, चीज यांच्यावर राहायला सांगितलंय. सासूबाईंचं म्हणणं, साखर सोड पण गूळ खा, तो औषधी असतो. आणि जे काही कराल ते साठीपर्यंत टिकावं अशी तुमची अपेक्षा आहे.

मी डॉक्टर नाही. मला स्वतःला शुगर आहे आणि त्यामुळे या विषयावर बरंच वाचलंय, एवढंच. पण गुळाबद्दल मात्र हक्काने बोलतो, कारण माझं घर त्याच्यावर चालतं. शाहू मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात मी हिशेब बघतो. (हे उत्तर मालकांनी वाचू नये अशी प्रार्थना.)

सासूबाईंना एकदा गुऱ्हाळावर घेऊन जा. रस काहिलीत पडतो, चुलवाणात चिपाडं जळत असतात, भेंडीचं पाणी घालून वर आलेली मळी काढून टाकतात आणि मग तो रस नुसता आटत राहतो. शेवटी शेवटी गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडतो आणि बोटांत वळून बघतो. गोळी वळली की काहील उतरली. म्हणजे झालं काय, तर उसातलं पाणी उडालं आणि साखर राहिली. थोडी खनिजं राहतात, लोह आणि पोटॅशियम राहतं, हे खरं आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते चवीला आणि गुणाला मिळालं, शुगरच्या पेशंटला चालतो म्हणून नाही! चांगल्या गुळातसुद्धा बहुतेक भाग साखरच असते, आणि रक्तात उतरताना ती फारसा भेदभाव करत नाही. दिवसभरात चार कप गुळाचा चहा झाला आणि दर कपाला दहा ग्रॅमचा खडा धरला, तर चाळीस ग्रॅम झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी आहे की वरून घातलेली साखर, मध, पाक, फळांचे रस हे सगळं मिळून दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत हवं, आणि जमलं तर ५ टक्के, म्हणजे साधारण २५ ग्रॅम. लोहच हवं असेल तर मेथीची भाजी करा, लिंबू पिळून खा.

काकवी, उसाचा रस, आलेपाक, सगळं याच खात्यात. रसाच्या एका मोठ्या ग्लासात सहज २५-३० ग्रॅम साखर असते. ती पिऊन होते, चावावी लागत नाही, आणि पोट भरल्यासारखंही वाटत नाही. तुम्हाला एकच गोष्ट करायची असेल तर ही करा: पिण्यातली साखर बंद. बाकीचं नंतर बघू.

साखरेचा परिणाम किती लांब जातो याचा एक पुरावा मला फार पटला. ब्रिटनमध्ये युद्धकाळापासून साखरेवर रेशन होतं, ते सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं. त्याच्या थोडं आधी आणि थोडं नंतर जन्मलेल्यांची तुलना २०२४ साली छापून आली. आईच्या पोटात असल्यापासून वयाच्या दोन वर्षांपर्यंत ज्यांना रेशनमुळे साखर कमी मिळाली, त्यांना पुढे मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसला. घरात लहान पोर असेल तर तुमच्या चहाच्याही आधी त्याच्या दुधातली साखर काढा.

आता ट्रेनरसाहेब. त्यांचं निम्मं बरोबर आहे. पीठ-भात कमी केला की शुगर खाली येते, वजनही लवकर उतरतं, पण पहिल्या आठवड्यातलं बरंचसं पाणीच असतं. पुढे फरक मावळत जातो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात ६०९ जणांना दोन गटांत वाटलं होतं, एक कमी कार्बचा (कार्ब म्हणजे भात, भाकरी, साखर यांतली कर्बोदकं), दुसरा कमी चरबीचा. वर्षाने एका गटाचं सरासरी सहा किलो उतरलं, दुसऱ्याचं सव्वापाच. फार कौतुक करण्यासारखं अंतर नाही.

दीर्घ मुदतीचं म्हणाल तर २०१८ मध्येच 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या पंधरा हजारांवर माणसांचा सुमारे २५ वर्षांचा हिशेब आला. मृत्यूचं प्रमाण सगळ्यात कमी होतं ते निम्म्याच्या आसपास उष्मांक कार्बमधून घेणाऱ्यांत. खूप जास्त खाणाऱ्यांतही ते वाढलेलं, खूप कमी खाणाऱ्यांतही वाढलेलं. आणि कार्ब काढून त्याजागी मांस आणणाऱ्यांत ते जास्त होतं, डाळी-दाणे आणणाऱ्यांत कमी. असल्या पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, हे मान्य. तरी आपल्या देशातली २०२५ ची आयसीएमआर-इंडियाब (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मधुमेहावरची) पाहणी तेच बोट दाखवते. आपण सरासरी ६२ टक्के उष्मांक कार्बमधून घेतो. एकूण उष्मांकांपैकी ५ टक्के कार्बमधून काढून त्याजागी डाळी, दूध-दही, अंडी किंवा मासे यांतली प्रथिनं आणणाऱ्यांत मधुमेहाची शक्यता कमी दिसली. लाल मांस किंवा नुसतं तेल-तूप आणणाऱ्यांत तो फायदा दिसला नाही.

आणि इथंच कोल्हापूरकराची गोची आहे. तांबडा-पांढरा रस्सा, सुकं मटण, कांदा-लिंबू: ताटातनं भाकरी आणि भात उचलला की कार्ब जवळजवळ उरतच नाही. म्हणून लो-कार्ब म्हटलं की आमच्या पोरांच्या अंगात येतं. बकऱ्याचं मटण लाल मांसातच येतं, बाबांनो. रविवारी खावा की, रोज कशाला?

त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट तर बऱ्याच घरांत सांगायला हवी. मैदा, पांढरा भात सोडून गहू किंवा नाचणी-ज्वारीवर गेलं, पण एकूण कार्ब तेवढंच ठेवलं, तर धोका कमी झालेला दिसला नाही. भाकरी चांगलीच आहे, पण पन्नास ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत पस्तीसेक ग्रॅम कार्ब आहे. तीन चपात्यांच्या जागी तीन भाकऱ्या खाऊन 'मी डाएटवर आहे' म्हणणारे आमच्या यार्डात ढिगाने आहेत.

मी करतो ते असं. दुपारी एकच भाकरी, पण मुगाची किंवा मटकीची उसळ दोन वाट्या, काकडीची कोशिंबीर आणि ताक. आधी कोशिंबीर-उसळ, भाकरी शेवटी. या क्रमाने जेवणानंतरची शुगर कमी चढते. मिसळ सोडलेली नाही, मटकी वाढवून घेतो, फरसाण चिमूटभर, ब्रेड एक. गंगावेशीत कट्ट्यावर दूध प्यायचं तर बिनसाखरेचं. होळीला पुरणपोळी खातो, त्या दिवशी भात नाही. रात्री जेवल्यावर रंकाळ्यावर चालणं. यात सोडलेलं असं फारसं काही नाही, म्हणूनच ते टिकतंय. तुमच्या ६.१ ला एवढं पुरावं असं माझं मत. शून्य कार्बचा हट्ट मी तरी धरला नसता.

तुमच्यासारखा प्रश्न घेऊन इथं येणाऱ्या पण गोळ्या चालू असलेल्यांना मात्र हात जोडून सांगणं आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असताना भाकरी-भात एकदम तोडलात तर शुगर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन असल्या गोळ्यांवर कडक कीटो (जवळजवळ बिनकार्बचा आहार) केलंत तर रक्तात आम्ल साचू शकतं, आणि तेही मीटरवर शुगर फारशी वाढलेली नसताना. आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. किडनीचा त्रास असलेल्यांनी, गरोदर बायकांनी ट्रेनरच्या सांगण्यावरून यात पडूच नये.

तुम्ही सुरुवातीलाच एकदा लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करून ठेवा. तीन महिन्यांनी ते आणि एचबीए१सी दोन्ही परत करा. त्याआधी एचबीए१सी करून उपयोग नाही, ती तीनेक महिन्यांचीच सरासरी असते. कार्ब कमी केल्यावर काहींचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चांगलंच वाढतं. तसं दिसलं तर भाकरी परत वाढवण्याआधी ट्रेनरने सांगितलेलं चीज बंद करून बघा.