जुनी जोडी विकू नका, आधी सोफ्यावर कोण कुठे बसतं ते बघा

तुमचा प्रश्न दोन ओळींत पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पाथर्डी फाट्याला फ्लॅट. हॉल ११ बाय १६ फूट, टीव्ही लांब भिंतीवर, समोरच्या भिंतीला चिकटून सोफा, उजव्या हाताला भिंत नाहीच, डायनिंग उघडं. साडेसहा इंची वूफरचे (बास वाजवणाऱ्या मोठ्या कोनाचे) ६ ओहमचे बुकशेल्फ स्पीकर, स्टिरिओ अँप (अँप्लिफायर), टीव्हीपासून अँपपर्यंत ऑप्टिकल वायर. दुकानदार म्हणतो, हे सगळं काढा आणि ५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर आणि बाससाठी एक सबवूफर असा तयार सेट न्या. तुमच्या मनात आहे की अँपच्या मागे 'स्पीकर बी'ची जागा रिकामी आहे, तिथे आणखी दोन लावून सोफ्यामागे टांगायचे. वर्षभरात मिळून बजेट ६० हजार.

दुकानदाराचं ऐकू नका. पण 'स्पीकर बी'चंही नको. तिथून नवं काही येत नाही, पुढचं डावं-उजवंच मागेही वाजतं. म्हणजे संवाद समोरून येतो आणि मानेमागूनही येतो. शिवाय बहुतेक अँपमध्ये ए आणि बी एकत्र चालू केले की दोन्ही जोड्या समांतर लागतात. ६ आणि ६ समांतर म्हणजे ३ ओहम, अँपवर दुप्पट भार. आवाज थोडा चढवला की अँप प्रोटेक्शनमध्ये जाणार (स्वतःला वाचवायला बंद पडणार), आणि प्रोटेक्शन नीट नसेल तर वास येणार.

जाता जाता एक गंमत. स्टिरिओ अँपमधून सराउंड काढायची एक जुनी युक्ती खरंच आहे. डायनाको कंपनीच्या डेव्हिड हाफलर यांच्या नावाने ती ओळखली जाते, १९७० च्या दशकातली. मागच्या एका स्पीकरचा प्लस डाव्या चॅनेलच्या प्लसला, दुसऱ्याचा उजव्याच्या प्लसला, आणि दोघांचे मायनस फक्त एकमेकांना जोडायचे. मागे डाव्या-उजव्यातला फरक तेवढा ऐकू येतो: टाळ्या, हॉलची गुंज, गर्दी. कॉलेजात असताना मी हे केलंय आणि महिनाभर मित्रांना बोलावून ऐकवलंय. पण ज्या अँपमध्ये दोन्ही चॅनेलचं मायनस आतून एकच असतं, तिथेच हे चालतं. आजच्या बऱ्याच छोट्या क्लास-डी अँपमध्ये तसं नसतं, आणि तिथे हा प्रयोग महागात पडतो. तेव्हा वाचा आणि सोडून द्या.

पहिली खरेदी एव्ही रिसीव्हरची, म्हणजे सिनेमाचा आवाज वेगवेगळ्या स्पीकरांत वाटून देणाऱ्या अँपची. साधारण निम्मं बजेट त्यात जाऊ द्या. हल्ली टीव्हीवर ओटीटीचा आवाज बहुतेक डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतो, आणि ऑप्टिकल वायर तो वाहून नेत नाही. ऑप्टिकलमधून जास्तीत जास्त जुनं डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस ५.१ जातं. रिसीव्हर आला की टीव्हीच्या ज्या एचडीएमआय सॉकेटवर 'आर्क' किंवा 'ई-आर्क' लिहिलंय, तिथून वायर घ्या. ओटीटीपुरतं साधं आर्क पुरतं. ब्लू-रे किंवा गेमिंगचा बिनकॉम्प्रेस आवाज टीव्हीमार्फत न्यायचा असेल तरच ई-आर्कचा हट्ट धरा.

इथेच अर्धे लोक अडकतात. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर राहिलेलं असतं. रिसीव्हरला दोनच चॅनेल मिळतात, मागचे स्पीकर गप्प, आणि मग फोन येतो: 'दादा, नवे स्पीकर डेड आलेत.' ते 'ऑटो' किंवा 'पासथ्रू' करा. सिनेमा सुरू असताना रिसीव्हरच्या डिस्प्लेवर डॉल्बीचं नाव दिसतंय ना, एवढं एकदा बघून घ्या.

जुना अँप लगेच विकू नका. त्याच्या मागे 'मेन इन' किंवा 'एचटी बायपास' लिहिलेलं सॉकेट (अँपचा नॉब टाळून आवाज आत नेणारं) असेल, तर रिसीव्हरच्या फ्रंट प्री-आउटमधून, म्हणजे पुढच्या जोडीचा आवाज बाहेर देणाऱ्या सॉकेटमधून, आवाज त्यात घालता येतो. गाणी ऐकताना रिसीव्हर बंद, जोडी पूर्वीसारखी अँपवर. सिनेमाला तीच जोडी सिस्टिमचा पुढचा भाग. अडचण एवढीच, की स्वस्तातल्या रिसीव्हरना फक्त सबवूफरचं प्री-आउट असतं, फ्रंटचं नसतं. घेताना मागची बाजू स्वतः बघा, नुसतं 'हो हो, आहे' ऐकून येऊ नका. बायपास नसलेल्या अँपचं ऑक्स वापरून, नॉब एका खुणेवर ठेवूनही हे जमवता येतं. मी तसं दोन वर्षं चालवलं. नॉबवर पांढऱ्या टेपचा तुकडा, त्यावर पेनाने रेघ. एका रविवारी पोराने गाण्यासाठी नॉब फिरवला, संध्याकाळी कोणाच्या लक्षात नाही, आणि सिनेमातला पहिला स्फोट झाला तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका चपला न घालता वर आले.

आता सेंटर, म्हणजे टीव्हीपाशी मधोमध ठेवायचा स्पीकर. सगळे सांगतात सेंटर आधी घ्या, कारण सिनेमातले बहुतेक संवाद तिथूनच येतात. ते खरं आहे. पण सेंटर नसला तर रिसीव्हरला 'सेंटर नाही' असं सांगता येतं, मग तो आवाज डाव्या-उजव्यात सारखा वाटला जातो आणि बरोबर मध्ये बसणाऱ्याला संवाद पडद्यातूनच येतोय असं वाटतं. म्हणून मी आधी विचारतो की सोफ्यावर कोण कुठे बसतं.

आमच्याकडे वडील कायम डाव्या टोकाला बसायचे, खिडकीच्या उजेडात पेपर वाचता येतो म्हणून. त्यांना सगळा सिनेमा डाव्या स्पीकरमधून बोलायचा. नायक उजवीकडे उभा आणि आवाज खिडकीपाशी! ते म्हणायचे, 'याच्यापेक्षा टीव्हीचा आवाज बरा होता.' कारण सोपं आहे. डावा स्पीकर उजव्यापेक्षा तीन फुटांनी जवळ असला, तर त्याचा आवाज पावणेतीन मिलिसेकंद आधी कानावर येतो, आणि जो आवाज आधी आला त्याच दिशेला कान विश्वास ठेवतो. रिसीव्हरमधली डिले (आवाज उशिरा सोडायची) सेटिंग एका खुर्चीसाठी हे सुधारते. चारजणांच्या सोफ्यासाठी नाही.

तेव्हा दोघंच मध्ये बसून बघत असाल, तर सेंटर शेवटी घ्या, कदाचित घेऊच नका. आई-वडील, मुलं सगळी पसरून बसत असतील, तर रिसीव्हरपाठोपाठ सेंटर. मात्र तो तुमच्या जोडीच्याच मालिकेतला हवा, निदान त्याच कंपनीचा, तसाच ट्वीटर (वरच्या पट्टीचा आवाज देणारा छोटा भाग) असलेला. वडिलांसाठी मी घाईने दुसऱ्याच कंपनीचा घेतला होता, चांगला जाड, डबल वूफरवाला. संवाद मध्ये आले, पण मोटार डावीकडून उजवीकडे गेली की मध्ये येताना तिचा आवाज नाकात बोलल्यासारखा व्हायचा आणि पलीकडे गेली की पुन्हा सुधारायचा. आठ महिने सहन केलं. तुमच्या जोडीची मालिका बंद झाली असेल तर तसलाच एक सुटा स्पीकर सेकंडहँड शोधा. एकच स्पीकर कोणाला नको असतो, त्यामुळे स्वस्तात मिळतो.

मागच्या दोघांना हा नियम एवढा कडक नाही. छोटे, साधे, भिंतीवर टांगता येणारे कोणतेही चालतील. जागा मात्र नीट निवडा. तुमच्याकडे उजवीकडे भिंत नाही म्हणून एक बाजूच्या भिंतीवर आणि दुसरा स्टँडवर असं करू नका. सोफा फूटभर पुढे ओढा, म्हणजे कान भिंतीपासून साधारण दीड फुटावर येतील. दोन्ही स्पीकर मागच्याच भिंतीवर, मधल्या माणसापासून दोन्हीकडे पाच-पाच फूट, बसलेल्या कानाच्या दोनेक फूट वर, तोंडं आतल्या बाजूला वळवून. गणित केलंत तर समोरच्या रेषेपासून कोन १०७ अंशांच्या आसपास येतो. आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) शिफारस १०० ते १२० अंशांची आहे, तेव्हा बिनघोर राहा. पुढच्या दोघांसाठी त्याच शिफारशीत ३०-३० अंश आहेत, म्हणजे तुम्ही आणि ते दोघे मिळून समभुज त्रिकोण. तुमच्या कानापासून ते नऊ फुटांवर असतील तर एकमेकांतही तेवढंच अंतर हवं. टीव्ही युनिटच्या दोन कप्प्यांत कोंबलेले असतील तर आधी बाहेर काढा, याला पैसे पडत नाहीत.

सोफा पुढे ओढायला सांगितलं त्याचं आणखी एक कारण आहे. टीव्हीची भिंत आणि सोफ्याची भिंत यांत ११ फूट अंतर, त्यामुळे ५१ हर्ट्झच्या आसपासचा बास तिथे फुगतो, आणि फुगवटा सर्वांत जास्त भिंतीलाच चिकटून असतो. सबवूफर, म्हणजे सब, घेतलात की हे आणखी जाणवेल. आपल्याकडे बास म्हटला की लोकांना नाशिक ढोल हवा असतो, छातीवर आदळला पाहिजे. मिरवणुकीत ठीक आहे, घरात तबल्याचा डग्गा आणि ढोल वेगळे ऐकू यायला हवेत. सबची जागा शोधायची रीत बघायला वेडगळ आहे पण अचूक आहे: सब उचलून सोफ्यावर आपल्या बसायच्या जागी ठेवा, बासची एखादी ओळखीची चीज लावा, आणि हॉलभर रांगत फिरा. जिथे बास सपाट, स्वच्छ ऐकू येईल तिथे सब ठेवा. मी देवघरापाशी रांगत असताना शेजारच्या काकू वाटी परत करायला आल्या होत्या. सौ.ने काय सांगितलं माहीत नाही, त्या बसल्या नाहीत.

तुमचे साडेसहा इंची वूफर असल्याने सब सहा महिने थांबला तरी चालेल. तोवर रिसीव्हरला 'सब नाही' सांगा, तो खालचा आवाज पुढच्या दोघांना देईल. सब आला की माइक लावून कॅलिब्रेशन करा (रिसीव्हर स्वतःच स्पीकरांचं मोजमाप घेतो) आणि नंतर दोन गोष्टी तपासा. एक, पुढच्या जोडीला रिसीव्हर 'लार्ज' म्हणेल. ते 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा. नावात अपमान वाटून घेऊ नका, त्याचा अर्थ एवढाच की ८० च्या खालचं काम सबकडे. दोन, सब नऊ फुटांवर असून रिसीव्हर चौदा दाखवेल. टेप घेऊन ते 'दुरुस्त' करू नका. सबच्या आतल्या सर्किटमुळे आवाज उशिरा निघतो, तो उशीर त्याने अंतरात धरलेला असतो.

वायरीवर पैसे उडवू नका. इलेक्ट्रिकच्या दुकानातली १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची दोन-कोर वायर तुमच्या अंतरांना पुरते. दिवाळीच्या रंगकामाआधी भिंतीत पाइप घालून घ्या, पण लाइटच्या वायरींच्या पाइपात ती ओढू नका. प्लस-मायनस उलटं झालंय का अशी शंका आली तर दीड व्होल्टचा सेल घ्या, वायरीच्या रिसीव्हरकडच्या टोकाला क्षणभर टेकवा. वायर त्या वेळी रिसीव्हरमधून काढलेली हवी. सेलचा प्लस प्लसला लागला की वूफरचा कोन बाहेर उडी मारतो, उलटं असेल तर आत जातो. बोटाने हलकं धरलंत तरी कळतं. आणि टोकाचा एकही सुटा तंतू शेजारच्या टर्मिनलला लागू देऊ नका.

सगळं जोडल्यावर सबमधून 'हूं' असा गुंजारव आला तर आधी सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा. आमच्याकडे तिथूनच येत होता. आवाज थांबला तर केबलवर आयसोलेटर बसवा. प्लगची अर्थिंगची पिन कापणारे महाभाग भेटतील, त्यांना चहा पाजून घरी पाठवा.

छतातले स्पीकर, अ‍ॅटमॉस वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नका.

आता दोन फोटो टाका: एक अँपच्या पाठीचा, सगळी सॉकेटं वाचता येतील असा, आणि एक सोफ्याचा, घरचे नेहमीसारखे बसलेले असताना. सेंटर आधी की सब आधी, ते दुसऱ्या फोटोवरून सांगतो.