१९५० च्या सुमारास इंग्लंडमधल्या ‘बरो’त आरोग्याचं सगळं काम एनएचएसच बघायची का?

प्रश्न असा आहे : १९५० च्या आसपास इंग्लंडमधल्या एखाद्या बरोत सार्वजनिक आरोग्य सेवा कशी चालायची, आणि एनएचएस, म्हणजे ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा, आल्यावर नगरपालिकेकडे करण्यासारखं काही उरलं होतं का?

उरलं होतं, आणि बरंच उरलं होतं. पण जे हातचं गेलं, ते ऐकून अजूनही थोडं वाईट वाटतं.

मी एका नगरपालिकेत एकतीस वर्षं स्वच्छता निरीक्षक होतो. निवृत्तीनंतर मुलीकडे लंडनला राहायला गेलो. जावई म्हणाले, राजवाडा बघून या. मी निघालो पाइन स्ट्रीटवरचा जुना दवाखाना बघायला. घरात सगळे हसले.

‘बरो’ म्हणजे ढोबळमानाने आपली नगरपालिका, पण त्यातही प्रकार होते. लिव्हरपूल, ब्रॅडफर्डसारख्या ‘काउंटी बरो’च्या डोक्यावर दुसरी कुठली परिषद नसायची, त्यामुळे बहुतेक सगळं त्यांच्याच हातात. लहान बरोंच्या वर काउंटी, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखी, असायची. लंडनमधल्या बरोंच्या वर लंडन काउंटी कौन्सिल. त्यामुळे ‘बरोत काय होतं’ याचं उत्तर ‘कुठल्या बरोत’ यावर ठरतं. मी बघितलेल्या, लंडनमधल्या फिन्सबरीचंच सांगतो.

फिन्सबरी म्हणजे चौरस मैलाहूनही लहान जागा. दाट वस्ती, जुनी घरं, छोटे कारखाने. १९३० च्या दशकात तिथल्या आरोग्य समितीचे अध्यक्ष होते डॉ. चुनीलाल कटियाल, पंजाबातून गेलेले डॉक्टर. १९३१ साली गांधीजी आणि चार्ली चॅप्लिन भेटले ते यांच्याच कॅनिंग टाउनमधल्या घरी. कटियालांचं नाव आपल्याकडे त्या भेटीपुरतंच निघतं. त्यांचं खरं काम म्हणजे पाइन स्ट्रीटवरचं आरोग्य केंद्र. वास्तुरचनाकार बर्थोल्ड ल्युबेटकिन आणि टेक्टन नावाचा त्यांचा वास्तुरचनाकारांचा गट. केंद्र सुरू झालं १९३८ साली आणि त्याच वर्षी कटियाल फिन्सबरीचे महापौर झाले.

तोवर बरोची आरोग्याची कामं ठिकठिकाणी विखुरलेली होती. ती एका छपराखाली आली : क्षयरोग्यांचा दवाखाना, दातांचा, पायांचा, बायकांचा, व्याख्यानाचा दिवाणखाना, शवागारसुद्धा. दर्शनी भाग काचेच्या विटांचा, दोन्ही पंख पुढे आलेले, आणि आत मोकळ्या हवेत राहा असं सांगणारी भित्तिचित्रं. सरकारी दवाखान्याची भीती वाटू नये, हा त्यामागचा विचार. मी दारात उभा राहिलो आणि पहिली गोष्ट मनात आली ती आमच्या ऑफिसातल्या खिडकीची. जाळीला हाताएवढं भोक, आणि त्यातून अर्ज सरकवायचा.

पण मला सगळ्यात आवडलं ते तळघराचं काम. तिथे निर्जंतुकीकरणाची सोय होती. ढेकणांनी भरलेल्या घरातल्या गाद्या, अंथरुणं, कपडे तिथे आणून साफ करायचे. आणि घरात औषध मारून होईपर्यंत त्या कुटुंबाने राहायचं कुठे? त्याच इमारतीत त्यांच्यासाठी राहायच्या खोल्या होत्या. हे वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो. नोकरीच्या सुरुवातीला आम्ही एका वाड्यात ढेकणांचं औषध मारलं. एक आजी मांडीवर देवघर घेऊन संध्याकाळपर्यंत समोरच्या ओट्यावर बसून राहिल्या. शेजारणी चहा देत होत्या, पण कपबशी लांबूनच ठेवत होत्या. माणसांची सोय कोणी बघायची, हा प्रश्न आमच्या कागदावर कुठेच नव्हता. ज्याने त्या खोल्या नकाशात काढल्या त्याने अशी एखादी आजी बघितली असणार.

या सगळ्याच्या मध्यभागी असायचा मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थ, म्हणजे बरोचा आरोग्य अधिकारी. देशातला असा पहिला अधिकारी लिव्हरपूलने १८४७ साली नेमला, डॉ. विल्यम डंकन. मुंबई महापालिकेत आजही जो ‘कार्यकारी आरोग्य अधिकारी’ आहे, ती जागा याच साच्यातून आलेली. त्याने नुसते रोगी तपासायचे नाहीत, वस्ती तपासायची : किती जन्मले, किती गेले, कशाने गेले, कुठल्या गल्लीत गेले. दरवर्षी त्याचा छापील अहवाल नगरपरिषदेपुढे यायचा. घरमालक नगरसेवकाची गैरसोय करणारं काही लिहिलं म्हणून त्याला सहजी घरी बसवता येत नसे, त्याला मंत्र्याची संमती लागे. असं संरक्षण नोकरीत मला मिळालं असतं तर दोन हॉटेलं मी नक्की बंद केली असती.

आता १९४८. ५ जुलैला एनएचएस सुरू झाली. रुग्णालयं नव्या प्रादेशिक मंडळांकडे गेली. माता-बाल संगोपन, सुईणी, घरभेटीच्या परिचारिका, लसीकरण, रुग्णवाहिका ही कामं काउंटी आणि काउंटी बरोंकडे आली. लंडनमध्ये ती लंडन काउंटी कौन्सिलकडे गेली. म्हणजे फिन्सबरीने हौसेने बांधलेलं केंद्र दहाच वर्षांत तिच्या हातून गेलं. इमारत तिथेच, रोगी तेच, पण मालक वरचा. युद्धात, १९४२ साली, एब्रम गेम्स या चित्रकाराने एक पोस्टर काढलं होतं. पडक्या झोपडपट्टीत मुडदूस झालेला पोर, आणि पुढे ही झळझळीत इमारत : यासाठी लढा. चर्चिलना ते पोस्टर अजिबात रुचलं नाही, त्यांनी ते दाबलं. ज्या इमारतीसाठी लढायला सांगितलं ती लढाई जिंकल्यावर बरोकडे राहिलीच नाही. एनएचएस वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. फुकट उपचार मिळाला, याहून मोठं काय असतं? पण ज्या अधिकाऱ्याला गल्लीतलं गटारही माहीत होतं आणि त्या गटाराशेजारचं बाळही, त्याच्याकडे आता फक्त गटार राहिलं.

बाळाचं कसं चालायचं तेही सांगतो, कारण ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. जन्म झाला की ३६ तासांत आरोग्य अधिकाऱ्याला कळवायचं, असा कायदा १९०७ पासूनचा, आणि १९१५ पासून तो सगळीकडे सक्तीचा. सुईणीच्या भेटी संपल्या की घरभेटीची परिचारिका दारात हजर. कोणी बोलावलं म्हणून नाही, यादीत नाव आलं म्हणून. बाळाचं वजन, पाजणं, घरात ओल किती, मोठ्या पोराला घटसर्पाची लस दिली का. दवाखान्यात संत्र्याचा रस आणि कॉड माशाचं तेल मिळायचं. १९४० साली इंग्लंड-वेल्समध्ये घटसर्पाचे ४६ हजारांवर रोगी आणि सुमारे अडीच हजार मृत्यू. लसीची मोहीम जोरात लागली आणि १९५० च्या दशकाअखेर रोगी डझनावारी मोजण्याइतके उरले. तान्ह्या बाळांचे मृत्यू १९३८ साली हजारी ५३ होते, ते १९६० पर्यंत २२ वर आले. श्रेय एकट्या परिचारिकेचं नाही. घरं सुधारली, खाणं सुधारलं, औषधं आली. पण दारावर थाप मारणारं माणूस तीच होती. काही घरांत ती नकोशीही असायची. दुसऱ्याच्या मोरीत डोकावणारी बाई कोणाला आवडते?

बरोकडे राहिलं ते माझ्या धंद्यातलं. गळकी छपरं, तुंबलेले संडास, उंदीर, दाटीवाटीची घरं, दूध, मटण, बाजारातल्या गाड्या. क्लार्कनवेलची जुनी इटालियन वस्ती या भागात होती आणि आइस्क्रीम त्यांचा जुना धंदा. १९४६ साली वेल्समधल्या ॲबरिस्टविथला आइस्क्रीममधून टायफॉइड पसरला, शंभरावर लोक आजारी पडले. पुढच्याच वर्षी नियम आला : मिश्रण १५० अंश फॅरनहाइटवर अर्धा तास किंवा १६० वर दहा मिनिटं तापवा, मग दीड तासाच्या आत ४५ अंशांपर्यंत थंड करा. ते बघायला निरीक्षक थर्मामीटर घेऊन जायचा. अन्नाचा कायदेशीर नमुना घ्यायचा तर त्याचे तीन भाग : एक विकणाऱ्याला, एक तपासनिसाला, एक आपल्याकडे. भेसळ प्रतिबंधक कायद्याखाली आम्हीही तसेच तीन भाग करायचो. लाख वितळवून सील लावताना बोट भाजायचं आणि दुकानदार म्हणायचा, “साहेब, चहा तरी घ्या.” तिकडचा दुकानदारही चहाच विचारत असेल, असं मला उगाच वाटतं.

१९५२ च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस धुरकट धुकं बसलं. मृत्यू सुरुवातीला चार हजार धरले गेले, नंतरच्या अभ्यासांनी आकडा बारा हजारांवर नेला. १९५६ चा स्वच्छ हवा कायदा झाला आणि काम पुन्हा बरोच्या निरीक्षकाच्या गळ्यात. धूरबंदीचा भाग जाहीर करायचा तर आधी घरोघर जाऊन चुली मोजायच्या, म्हाताऱ्यांची समजूत घालायची. शेगडी बदलायच्या मान्य खर्चातले दहातले सात हिस्से सरकारी तिजोरीतून आणि बरोकडून मिळायचे. त्याच वर्षी ‘सॅनिटरी इन्स्पेक्टर’चं नाव ‘पब्लिक हेल्थ इन्स्पेक्टर’ झालं. हुद्दा वाढला, पायपीट तेवढीच.

एक अधिकार मात्र अंगावर काटा आणणारा होता. १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याचं ४७ वं कलम. एखादी वृद्ध किंवा आजारी व्यक्ती घाणीत एकटी राहते, स्वतःचं बघू शकत नाही, दुसरंही कोणी बघत नाही, असं आरोग्य अधिकाऱ्याला दिसलं तर कोर्टाच्या हुकमाने तिला घरातून हलवता यायचं. १९५१ मध्ये तातडीने हलवायचीही सोय झाली. अशा घराच्या दारात उभं राहून काय ठरवायचं? अहवालात ते एका ओळीत उरकलेलं असतं.

१९६५ साली फिन्सबरी इस्लिंग्टनमध्ये विलीन झाली आणि १९७४ मध्ये आरोग्य अधिकाऱ्याचं पदच गेलं. कटियाल त्याआधीच भारतात परतले होते. आपल्या कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे पहिले महासंचालक तेच.

तुम्हाला मुळातून वाचायचं असेल तर लंडनच्या बरोंचे हे वार्षिक अहवाल वेलकम संग्रहालयाने फुकट खुले केलेत, पाच हजारांवर आहेत. कुठल्याही एका बरोचे १९४७ आणि १९४९ चे अहवाल शेजारी उघडा आणि अनुक्रमणिका बघा. पहिल्यात आया आणि बाळं सापडतील. दुसऱ्यात मी होतो तसले लोक.