लंडनमधील निळा फलक आणि डेव्हिड लो

प्रश्न : मुलाकडे लंडनला गेलो असताना केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवरील मेलबरी कोर्ट या इमारतीवर व्यंगचित्रकार सर डेव्हिड लो यांच्या नावाचा गोल निळा फलक पाहिला. हिटलरवरील गाजलेली व्यंगचित्रे त्यांनी याच घरात काढली का? आणि असा फलक लागल्याने इमारतीला कायद्याचे संरक्षण मिळते का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ती चित्रे या घरातली नव्हेत. लो ३३ क्रमांकाच्या सदनिकेत राहत होते, एवढेच हा फलक सांगतो आणि ते वास्तव्य त्यांच्या उतारवयातले आहे. न्यूझीलंडमध्ये १८९१ साली जन्मलेले लो १९१९ मध्ये लंडनला आले आणि १९२७ पासून ‘इव्हनिंग स्टँडर्ड’साठी चित्रे काढू लागले, हिटलर व मुसोलिनी यांना त्यांनी सळो की पळो करून सोडले, तो काळ त्या वृत्तपत्रातला.

त्या चित्रांची धग किती होती, हे एका घटनेवरून कळते. १९३७ च्या अखेरीस ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीला गेले असता हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सने लो यांच्या चित्रांबद्दल तक्रार केली आणि मायदेशी परतल्यावर हॅलिफॅक्स यांनी लो यांना हात आखडता घेण्याची विनंती केली. लो यांनी काही आठवडे ती मानली. परंतु मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर त्यांची लेखणी पुन्हा पूर्वीच्याच धारेने चालू लागली. सप्टेंबर १९३९ मधले त्यांचे चित्र तर आजही अंगावर येते : हिटलर आणि स्टालिन टोप्या उंचावून, कमरेत वाकून एकमेकांना अत्यंत अदबीने शिव्या देत आहेत, आणि दोघांच्या मध्ये जमिनीवर एक प्रेत पडले आहे. पोलंडच्या फाळणीवर इतके नेमके भाष्य करणारे दुसरे चित्र मला माहीत नाही. ज्या जागी अशी चित्रे जन्मली तेथेही एखादा फलक असावा, असे मला मनापासून वाटते.

संरक्षणाचे उत्तरही नकारार्थीच आहे. लंडनमध्ये १८६६ पासून चालत आलेली ही फलकांची योजना १९८६ पासून ‘इंग्लिश हेरिटेज’ या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे असून लो यांचा फलक त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९९१ मध्ये लागला. व्यक्तीच्या निधनाला किमान २० वर्षे झालेली असावीत, तिचा संबंध असलेली मूळ वास्तू उभी असावी आणि मालकाची संमती असावी, अशा अटी आहेत. मात्र वारसा वास्तूंची सरकारी यादी ही पूर्णपणे वेगळी व्यवस्था आहे. फलकामुळे लोकांचे लक्ष वेधले जाते व त्यातून क्वचित वास्तू वाचतेही, पण तो कायद्याचा आधार नव्हे.

आर. के. लक्ष्मण आणि बाळासाहेब ठाकरे या दोघांनीही लो यांना आदर्श मानले होते, त्यामुळे आपल्याकडील व्यंगचित्रकलेच्या अभ्यासकांनी लो पाहायलाच हवेत. केंट विद्यापीठातील ब्रिटिश व्यंगचित्र संग्रहात त्यांचे काम जतन केलेले आहे. आपण पुन्हा लंडनला गेलात, तर १०, हाऊली प्लेस येथे लोकमान्य टिळकांच्या १९१८–१९ मधील वास्तव्याची नोंद करणारा याच योजनेतील फलकही आवर्जून पाहावा. तो १९६१ मध्ये लावण्यात आला.