युद्धावरची पहिली एकांकिका लिहितोयस ना, आधी एवढं बघ

मित्रा, विषय मस्त घेतलायस, सोडू नकोस. पण पहिल्याच ड्राफ्टमध्ये बंकर, मशीनगनचे आवाज असलं सगळं स्टेजवर आणू नकोस, गरजच नाही. माणूस सुट्टीवर घरी आलाय एवढं दाखव, युद्ध त्याच्या वागण्यात दिसू दे. म्हणजे बघ, आई भाकरी वाढतीय आणि हा भिंतीला पाठ लावून, दाराकडं तोंड करून बसलाय, दोन मिनिटांत ताट साफ, आत भांडं पडलं की ह्याचा घास हातातच थांबतोय. प्रेक्षकाला तेवढं पुरतं.

सुरुवातीला सगळ्यांच्या होतात त्या चुका:

- लहान पोरगं रडलं की हा लगेच विरघळला. असं होत नाही. तो कठोर झाला म्हणूनच जिवंत राहिला हे आधी पटू दे, मग हळूहळू एकेक गाठ सुटू दे.
- शेवटी लांबलचक भाषण. काढून टाक.
- डोक्यावर टोपी नसताना सॅल्यूट. आपल्या आर्मीत तसं करत नाहीत, आणि साताऱ्यात प्रयोग लावलास तर समोर फौजी घरातलीच माणसं असणार, लगेच पकडतील.

आणि एकदा अपशिंगे मिलिटरी ह्या गावाला जाऊन ये, साताऱ्याजवळच आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. माजी सैनिकांशी निवांत बोल, पण किती मारले असलं विचारू नकोस, सुट्टी संपून निघताना काय वाटायचं ते विचार. लाइट, नेपथ्य नंतर बघू, आधी तो जेवणाचा सीन लिहून काढ.